कॉलेजच्या प्रशिक्षकाच्या नजरेत यायचं तर: शोकेस, ट्रॅव्हल टीम, कॉलेजचा कॅम्प की साधी ईमेल?

मुलगा दहावी संपवून अकरावीत चाललाय, हातात एकच उन्हाळा आहे आणि खर्चाला मर्यादा आहे. न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियातल्या ज्या मराठी घरांत बेसबॉल शिरलाय, तिथे या टप्प्यावर एकच प्रश्न असतो: पैसे नेमके कशावर घालायचे?

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. मुंबईत हॅरिस शील्डमध्ये धावा काढल्या की नाव निवड समितीपर्यंत पोहोचतं, चाचणीचं बोलावणं येतं. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलला अशी निवड समितीच नाही. प्रत्येक कॉलेजचा प्रशिक्षक आपली टीम आपणच जमवतो. त्यात हायस्कूलचा हंगाम वसंतात आणि कॉलेजचाही वसंतातच. मुलगा शाळेच्या मैदानावर चमकत असतो तेव्हा ज्याने त्याला बघावं असं आपल्याला वाटतं, तो कॉलेजचा प्रशिक्षक स्वतःच्या टीमच्या डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या बाकावर) अडकलेला असतो. शाळेच्या टीमचा कर्णधार असूनही कुठूनच फोन आला नाही, यात म्हणूनच नवल नाही. प्रशिक्षकांची बघण्याची खरी धावपळ जून ते ऑक्टोबर या काळात असते.

गर्दीचाही अंदाज हवा. देशभरात हायस्कूल बेसबॉल खेळणारी मुलं सुमारे पावणेपाच लाख आणि डिव्हिजन वनची, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन गटांतल्या सगळ्यात वरच्या गटातली, कॉलेजं सुमारे ३००. पूर्वी त्यांच्या टीममध्ये ४० पर्यंत जण असू शकत आणि ११.७ पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे त्यांच्यात वाटून दिले जात. २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या ‘हाऊस’ खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना ३४ खेळाडूंची मर्यादा आली. तिथे स्कॉलरशिपच्या संख्येवरचं बंधन गेलं, पण टीममधल्या जागा घटल्या. त्यातच ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीमुळे, प्रशिक्षकाला दुसऱ्या कॉलेजात तयार झालेला २१ वर्षांचा खेळाडू सहज मिळतो. सतरा वर्षांच्या मुलासाठी थांबायची त्याला पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. पुढची सगळी तुलना ही परिस्थिती धरूनच वाचा.

शोकेस आणि ट्रॅव्हल टीम

शोकेस म्हणजे फी भरून एका दिवसात आपलं कौशल्य मोजून दाखवण्याचा कार्यक्रम. परफेक्ट गेम आणि प्रेप बेसबॉल या तो भरवणाऱ्या मोठ्या संस्था. फी काहीशे डॉलर, शिवाय प्रवास आणि हॉटेल. दिवसाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सकाळी ६० यार्डांची धाव लेझरवर मोजली जाते. मग आउटफिल्डर (लांबचे क्षेत्ररक्षक) बॅटरच्या जागेकडे, म्हणजे होमकडे, थ्रो करतात, इनफिल्डर (जवळचे) ग्राउंडबॉल उचलून फर्स्ट बेसला फेकतात आणि प्रत्येक थ्रोवर रडारगन रोखलेली असते. कॅचरचा, म्हणजे बॅटरमागच्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूचा, पॉप टाइम घेतात, म्हणजे बॉल त्याच्या मिटमध्ये (जाड हातमोज्यात) पडल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंतचा वेळ. दोन सेकंदांच्या आसपास आला की माना वळतात. त्यानंतर बॅटिंग प्रॅक्टिस, तिथे बॅटवरून सुटलेल्या बॉलचा वेग मोजतात, आणि शेवटी सामना.

शोकेसमधून हाती येतात ते आकडे. ते ऑनलाइन मुलाच्या नावापुढे नोंदले जातात, प्रशिक्षक आधी तेच चाळतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आकडे दाखवण्याजोगे झाल्याशिवाय शोकेसला जाऊ नये. ६० यार्ड सात सेकंदांच्या आत येत असतील, पिचरचा (गोलंदाजाचा) वेग ताशी पंच्याऐंशी मैलांच्या आसपास पोहोचून वर सरकत असेल, तर एक शोकेस जरूर करा. नववीतल्या मुलाला ‘अनुभव’ म्हणून ताशी ७२ मैलांची नोंद करून आणण्यात काहीच मिळत नाही. तेवढ्या पैशात हिवाळाभर चांगल्या प्रशिक्षकाकडे वेट ट्रेनिंग होतं, आणि वेग वाढतो तो तिथे. शिवाय शोकेसमध्ये जे दिसत नाही तेही बरंच आहे. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला बाद) मुलगा काय करतो, रनर बेसवर असताना पिचर डगमगतो का, एरर झाल्यावर खांदे पडतात का, हे एका दिवसात कळत नाही.

ते कळतं ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या, पैसे भरून गावोगावच्या स्पर्धा खेळणाऱ्या टीमच्या सामन्यांत. अटलांटाच्या उत्तरेला इमर्सन गावातलं लेकपॉइंट, ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातलं ज्युपिटर, ही त्या स्पर्धांची मोठी ठिकाणं. ज्युपिटरला प्रशिक्षक आणि स्काउट गोल्फ कार्टमधून मैदानामागून मैदान फिरत असतात. एखादा वेगवान पिचर माउंडवर (बॉल टाकायच्या उंचवट्यावर) आला की कार्टची रांग लागते आणि त्याचे इनिंग संपले की पांगते. पालकांनी इथे एक गोष्ट ओळखावी. त्या कार्ट वाट चुकून येत नाहीत. कोणता पिचर किती वाजता कोणत्या मैदानावर आहे, हे त्यांना आदल्या दिवशीच कुणीतरी कळवलेलं असतं.

म्हणजे हजारो डॉलर भरून टीममध्ये जागा घेताना आपण खरं तर त्या टीमच्या प्रशिक्षकाची ओळख विकत घेत असतो. टीम निवडताना जर्सी आणि स्पर्धांची यादी बाजूला ठेवून विचारा: गेल्या दोन वर्षांत तुमची मुलं कोणत्या कॉलेजांत गेली? फोन कोण करतं? माझ्या मुलाला किती इनिंग मिळतील? बड्या नावाच्या टीममध्ये बेंचवर बसून काढलेला उन्हाळा कोणाच्याच नोंदीत राहत नाही. साधारण नावाची, पण दर सामन्यात खेळवणारी आणि प्रामाणिकपणे फोन करणारी टीम बरी.

कॉलेजचा कॅम्प

सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. नववीतल्या मुलाला मोठ्या विद्यापीठाचं, कॅम्पला बोलावणारं पत्र येतं, घरात आनंद होतो, आजी-आजोबांना पुण्यात फोन जातो. नियम काय सांगतो ते बघा. डिव्हिजन वनचा बेसबॉल प्रशिक्षक अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाला भरतीसंबंधी ईमेल, मेसेज किंवा फोन करू शकत नाही. कॅम्पचं माहितीपत्रक आणि प्रश्नावली मात्र कधीही पाठवता येते. शिवाय हे कॅम्प सर्वांना खुले ठेवावे लागतात, वय किंवा संख्येची अट तेवढी घालता येते. तेव्हा ते पत्र म्हणजे निवड झाल्याची खूण नव्हे. कॅम्पच्या फीमधून सहायक प्रशिक्षकांनाही पैसे मिळतात, आणि त्यात गैर काहीच नाही.

तरीही माझा कल कॅम्पकडेच आहे, मात्र एका अटीवर. आधी पत्रव्यवहार झालेला हवा. प्रशिक्षकाने व्हिडिओ पाहिलाय, ‘त्या सामन्यातला तुझा स्लायडर (वळणारा बॉल) आवडला’ असं काही नेमकं लिहिलंय, गुणपत्रिका मागितली आहे, अशा कॉलेजच्या कॅम्पला जा. तिथे तो मुलाला सकाळपासून स्वतः शिकवतो, सांगितलेली दुरुस्ती पुढच्याच चेंडूला अमलात येते का ते बघतो. एवढा वेळ शोकेसमध्ये मिळत नाही.

अभ्यासात पुढे असलेल्या मुलांसाठी हेडफर्स्ट ऑनर रोलसारखे कॅम्प आहेत. तिथे एकाच वेळी अनेक कॉलेजांचे प्रशिक्षक येतात, बहुतेक उच्च शैक्षणिक दर्जाची कॉलेजं. आपल्या घरांतून या वाटेचा विचार व्हायला हवा तेवढा होत नाही. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, ॲमहर्स्ट ही सगळी बेसबॉलमध्ये डिव्हिजन थ्रीत खेळतात. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नाही, आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येल वगैरे) नाही. पण गुणांवरची किंवा घरच्या उत्पन्नावरची मदत कॉलेजागणिक मिळू शकते. आयव्ही आणि अशा अनेक कॉलेजांचे प्रशिक्षक अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात मुलाची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाला आधीच वाचायला देतात. तिथून हिरवा कंदील मिळाला की प्रशिक्षकाच्या शब्दाला वजन येतं. ताशी ८२ मैलांचा पिचर आणि उत्तम गुण, हे समीकरण तिथे जमू शकतं. डिव्हिजन वनच्या बड्या टीममध्ये ते जमणार नाही.

ईमेल आणि व्हिडिओ

खर्च जवळजवळ शून्य, आणि वरच्या तिन्ही वाटा यावरच चालतात. विषयाच्या ओळीतच सगळं यावं: ‘२०२८ बॅच, डावखुरा पिचर, ८३ मैल, जीपीए ३.९, ११ जुलैपासून लेकपॉइंटला’ (बॅच म्हणजे हायस्कूल संपवण्याचं वर्ष, जीपीए म्हणजे गुणांची सरासरी). आत चार-पाच वाक्यं, सामन्यांचं वेळापत्रक, शाळेच्या आणि ट्रॅव्हल टीमच्या प्रशिक्षकांचे नंबर. ईमेल मुलानेच लिहावी. आई-बाबांनी लिहिलेली ईमेल प्रशिक्षकाला पहिल्या वाक्यात कळते.

व्हिडिओ दोन मिनिटांचा पुरे. संगीत नको, स्लो मोशन नको. पिचर असेल तर कॅचरच्या मागून घ्या आणि रडारचा आकडा चौकटीत दिसू द्या. बॅटर असेल तर बाजूने, छातीच्या दिशेने. सगळ्यात चांगला भाग पहिल्या वीस सेकंदांत टाका, कारण पुढचं बघितलं जाईलच याची खात्री नाही.

१ ऑगस्टच्या आधी डिव्हिजन वनकडून उत्तर येणार नाही, पण प्रशिक्षक व्हिडिओ बघू शकतो, सामन्यालाही येऊ शकतो. त्या दिवशी मेसेज कोणाला करायचे याची यादी त्याच्याकडे आधीच तयार असते. म्हणून ईमेल मे-जूनमध्येच जायला हव्यात. डिव्हिजन टूला १५ जूनपासून मोकळीक आहे, आणि डिव्हिजन थ्रीचा प्रशिक्षक केव्हाही उत्तर देऊ शकतो.

पैसे घेऊन प्रोफाइल बनवणाऱ्या सेवांबद्दल फार लिहीत नाही. त्या जे करतात ते मुलगा दोन शनिवारांत करू शकतो.

माझ्या मते क्रम असा लागतो. सगळ्यांनीच सुरुवात ईमेलने करावी, पंचवीस-तीस कॉलेजांना, त्यात निम्मी तरी डिव्हिजन टू आणि थ्रीची. खरं उत्तर आलं तर त्याच कॉलेजचा कॅम्प, वर्षाकाठी दोन-तीन पुरेत. वेगवान पिचर किंवा भन्नाट धावणाऱ्या मुलाला शोकेस लाभते, कारण त्याचा गुण आकड्यात मावतो. डोक्याने खेळणारा शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक) किंवा सरासरी राखणारा बॅटर असेल, तर पैसे ट्रॅव्हल टीमवर घाला. त्याचा खेळ पाच-सहा सामने बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि अंगाने उशिरा भरणाऱ्या मुलासाठी ज्युनिअर कॉलेज (हायस्कूलनंतरचं दोन वर्षांचं, आपल्याकडची अकरावी-बारावी नव्हे) आहे, ते कमीपणाचं मानू नका. त्यांच्या वरच्या गटात प्रत्येक टीमला २४ स्कॉलरशिप देता येतात, फी कमी असते, आणि दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. वर सांगितलेला पोर्टलचा ओढा तिथे मुलाच्या बाजूने वळतो, कारण तेव्हा प्रशिक्षक शोधत असलेला अनुभवी खेळाडू तोच असतो. त्या वाटेने जायचं असेल तर विषय निवडतानाच विचारून घ्या, पुढच्या कॉलेजात कोणते क्रेडिट धरले जातील.