डावी खिडकी की उजवी? अलास्काच्या लागोपाठ दोन क्रूझ आणि दोन केबिन

सांगली–स्वारगेट एसटीत बसायचं तर आमचे हे आधी ऊन कुठून येणार ते ठरवतात. सकाळची गाडी असली की डावी खिडकी, कारण पुण्याला जाताना सूर्य उजवीकडे. चाळीस वर्षं घरात हा नियम पाळला जातोय. त्यामुळे अलास्काच्या क्रूझची केबिन निवडतानाही हाच हिशेब होणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

परत येऊन आठ महिने झाले. उतरल्या उतरल्या लिहिलं असतं तर सगळंच 'अप्रतिम' लिहिलं असतं. आता फोटो दाखवून दाखवून पाहुणेही कंटाळलेत, कार्डाचं बिलही फिटलंय, तेव्हा कशाचा उपयोग झाला आणि कुठे पैसे उगाच गेले ते सांगायला हरकत नाही.

बेत असा होता. मुलगा व्हँकूव्हरला असतो. तिथून जहाजाने ७ रात्रींत अलास्कातलं व्हिटियर बंदर आणि त्याच जहाजाने पुढच्या ७ रात्रींत परत. जाताना केचिकन, जूनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे (ग्लेशियर म्हणजे हिमनदी) आणि कॉलेज फियॉर्ड, म्हणजे डोंगरांमधली चिंचोळी खाडी. येताना तेच सगळं उलट, फक्त कॉलेज फियॉर्डच्या जागी हबर्ड ग्लेशियर. शेजारचे काका म्हणाले, "एवढे पैसे घालून पाणीच बघायचंय ना? मग पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावर जाऊन उभं राहा की." २०१९ च्या पुरात त्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, त्यामुळे त्यांना उलट बोलायची सोय नाही.

ह्यांचं गणित असं: उत्तरेला जाताना किनारा उजवीकडे, म्हणजे स्टारबोर्डला. दक्षिणेला येताना किनारा डावीकडे, म्हणजे पोर्टला. तेव्हा पहिल्या आठवड्याला उजवीकडची बाल्कनी, दुसऱ्याला डावीकडची. दोन्ही वेळा डोंगर आपल्या बाजूला, उघडा समुद्र दुसऱ्यांच्या. एजंटाने दोनदा विचारलं, "काका, दोन्ही आठवडे एकच केबिन मिळतेय, घेऊ का?" ह्यांनी नको म्हटलं. मीही मान डोलावली, कारण कागदावर गणित बरोबर होतं.

कागदावर ते आजही बरोबर आहे. पण ते लागू पडतं फार थोड्या तासांना. व्हँकूव्हरपासून स्कॅगवेपर्यंतचा बराचसा रस्ता म्हणजे इनसाइड पॅसेज, बेटं आणि मुख्य जमीन यांच्यामधली चिंचोळी वाट. तिथे दोन्ही अंगांना डोंगर असतात. ग्लेशियर बेमध्ये जहाज खाडीत शिरतं ते शेवटपर्यंत जातं आणि त्याच वाटेने बाहेर येतं, म्हणजे जे आत जाताना डावीकडे ते बाहेर येताना उजवीकडे. मार्जरी ग्लेशियरसमोर तर कप्तान जहाज बराच वेळ उभं करून सावकाश गोल फिरवतो. हबर्डलाही तसंच. बाजूचा फरक पडतो तो फक्त गल्फ ऑफ अलास्काचा उघडा समुद्र ओलांडताना. जाताना त्या दिवशी सकाळपासून धुकं, उजव्या बाल्कनीतून उजवीकडचे ढगच दिसले. येताना मात्र हबर्ड सोडल्यावर संध्याकाळी आभाळ उघडलं आणि फेअरवेदर डोंगररांग पूर्ण दिसली. मुख्य शिखर ४,६७१ मीटरचं, आणि समुद्राला लागूनच उभं. जूनमध्ये तिकडे रात्री दहा वाजेपर्यंत उजेड, बर्फ केशरी होत होत शेवटी राखाडी झालं. आम्ही दोघं शाल गुंडाळून बाल्कनीत बसलो होतो. तेवढे दोन तास ह्यांचं गणित जिंकलं, हे मी लेखी देते.

त्या दोन तासांसाठी काय मोजलं ते आता सांगते.

पहिली केबिन जहाजाच्या मध्यावर होती, वर केबिन, खाली केबिन. रात्री कसलाही आवाज नाही, गल्फमध्येही हलणं अगदी कमी. दुसरी केबिन निवडताना आम्ही फक्त बाजू बघितली. ती निघाली बुफेच्या बरोबर खाली. पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढायला सुरुवात. आधी एक खुर्र, मग दोन, मग ट्रॉलीची चाकं, मग कुणीतरी चमच्यांचा डबा पाडणार. दुसऱ्या रात्रीपासून मी कानात कापूस घालून झोपले. तक्रार केली तर रिसेप्शनवरच्या मुलीने गोड हसून जहाज भरलेलं असल्याचं सांगितलं. आमची केबिन आवरणारा मुलगा गोव्याचा होता. तो मला आंटी म्हणायचा. त्याने मोडक्या मराठीत सांगितलेलं वाक्य मी फ्रिजवर लावण्याच्या लायकीचं समजते: "आंटी, बुक करताना समोर काय दिसतं ते नाय बघायचं, डोक्यावर काय हाय ते बघायचं."

डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, बघताना आपला मजला बघून झाला की वरचा मजला त्याच्यावर ठेवून बघा. वर बुफे, पूल, जिम, नाचाचा हॉल असेल तर ती केबिन सोडा. खालीही बघा, थिएटर असतं. अगदी पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर बंदरात जहाज वळवण्याच्या यंत्रांची घरघर आणि नांगराच्या साखळीचा आवाज येतो, असं जेवणाच्या टेबलावरचं एक जोडपं सांगत होतं. शेजारच्या केबिनला जोडणारं मधलं दार असेल तर शेजाऱ्यांचा टीव्हीही तुमचाच. आणि स्वस्तात मिळते म्हणून 'गॅरंटी' केबिन घेणार असाल, म्हणजे नंबर कंपनी नंतर देणार, तर लागोपाठ दोन क्रूझना ती घेऊच नका. दोन्ही आठवड्यांना दोन वेगळ्या केबिन मिळायची दाट शक्यता.

केबिन बदलणं तसं अवघड नाही. हँगरवरचे कपडे तो मुलगा तसेच रॉडवर घालून नवीन केबिनमध्ये नेऊन अडकवतो. बाकीचं आपण बॅगेत भरायचं. पण व्हिटियरला सकाळी लवकर जुनी केबिन रिकामी करायची आणि नवीन दुपारी मिळणार. मधले चार-पाच तास औषधं, पासपोर्ट, ह्यांचा बीपीचा डबा आणि माझा चष्मा एका पिशवीत घेऊन आम्ही हिंडत होतो. ज्यांची केबिन तीच होती ते नवीन कार्ड घेऊन निवांत गावात गेले. व्हिटियर गाव बघण्यासारखं आहे, म्हणजे गाव असं नाहीच: बहुतेक सगळे लोक बेगिच टॉवर्स नावाच्या एकाच उंच इमारतीत राहतात. गावात यायला डोंगरातून सुमारे ४ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीने जातात, तेही एका वेळी एकाच दिशेने. खंबाटकीत आपण किती वैतागतो ते आठवलं. हे सगळं मी पिशवी सांभाळत, लांबूनच बघितलं.

हे बँकेत कॅशियर होते, रोजकीर्द लिहिल्याशिवाय झोपत नाहीत. जहाजावर त्यांनी वहीत व्हेल दिसल्याच्या नोंदी ठेवल्या: एकूण २३, त्यातल्या आमच्या बाल्कनीतून ६. बाकीच्या उघड्या डेकवरून, बुफेच्या काचेतून, एक तर लिफ्टशेजारच्या खिडकीतून. व्हेल दिसली की लोक ओरडतात आणि सगळे धावतात. तुमची बाजू कुठली ते तिला माहीत नसतं.

मग बाल्कनी घेऊ नये का? घ्यावी. आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांनी तर जरूर घ्यावी, बसून बघता येतं. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर बोटीने येऊन आपल्या जहाजावर चढतात आणि दिवसभर स्पीकरवर माहिती सांगतात. बाल्कनीत ते नीट ऐकू येत नाही. टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल लावून दार किलकिलं ठेवलं की सगळं ऐकू येतं, ही युक्ती आम्हाला दुसऱ्या आठवड्यात सापडली. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतले लोक आले तेव्हा ही सगळी खाडी बर्फाने भरलेली होती, आता बर्फाच्या भिंतीपर्यंत पोचायला जहाजाला आत जवळजवळ शंभर किलोमीटर जावं लागतं. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, पाणी उसळतं, आणि मग गडगडाट येतो. पहिल्यांदा मी आवाज ऐकून मान वर केली, तोवर संपलं होतं. आवाजाची वाट बघायची नाही, भिंतीकडे बघत बसायचं, मग मुकाट्याने थंडी सोसायची.

कॉलेज फियॉर्डमध्ये १८९९ च्या हॅरिमन मोहिमेने ग्लेशियरांना कॉलेजांची नावं दिली, हार्वर्ड, येल वगैरे. ह्यांनी लगेच आमच्या सांगलीची कॉलेजं आणली, एकाला विलिंग्डन आणि दुसऱ्याला वालचंद करून टाकलं. विलिंग्डन अर्थातच मोठा, कारण हे त्या कॉलेजचे.

स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे मात्र एकदाच करा, पहिल्याच आठवड्यात. १९०० साली पुरी झालेली, तीन फुटी रुळांची. मिरजेच्या जुन्या बार्शी लाइटच्या गाडीत बसलेल्या ह्यांना गहिवरून आलं. चढताना दरी डावीकडे दिसते. वर पोचल्यावर गार्ड सगळ्यांना उठवतो, बाकांच्या पाठी उलट्या करायला लावतो आणि समोरासमोरचे लोक जागा बदलतात. एवढं साधं! दुसऱ्या आठवड्यात त्याच बंदरांत आम्ही नुसते पायी फिरलो, तेच जास्त आवडलं. केचिकनला वर्षाला दीडशे इंच पाऊस म्हणतात, महाबळेश्वरची सवय असलेल्याने घाबरू नये, रेनकोट न्यावा. छत्री वाऱ्याने उलटते.

बारीकसारीक: केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे हुक चिकटतात. गणपती पेठेतून घेतलेले सहा हुक म्हणजे आमची सगळ्यात चांगली खरेदी. पडद्याच्या फटीतून पहाटे चारला ऊन येतं, कपड्यांचे चार चिमटे न्या. अमेरिकन चपट्या पिनचा अ‍ॅडॉप्टर लागतो. एक्स्टेन्शन बोर्ड आणि पाणी तापवायची कॉइल काढून घेतात. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं तर वाऱ्याने असं आपटतं की बोट राहणार नाही. सीलबंद भडंग अर्जात लिहून नेलं होतं, बाल्कनीत पाकीट फोडलं की दहा मिनिटांत सादळतं, आतच खा. कॅनडाचा व्हिसा परत शिरताना चालेल ना ते तपासा, कारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी परत तिथेच उतरायचं असतं.

नणंद आणि तिचे यजमान पुढच्या मे महिन्यात हाच प्रवास करणार आहेत. त्यांना सांगितलं, दोन्ही आठवडे एकच केबिन, मधोमध, वरखाली केबिनच, बाजू मिळेल ती. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "वहिनी, बाल्कनीत कपडे वाळत घालता येतात का गं?" नाही येत. पण बाथरूममध्ये भिंतीतून ओढून समोर अडकवायची एक बारीक दोरी असते, तिच्यावर दोन पंचे आणि एक गाऊन बसतो.