टीव्हीची ॲड करायचीय, पण डेमो घ्यायचा, गोष्ट सांगायची, गाणं करायचं की स्टार घ्यायचा?

पहिल्यांदा टीव्ही ॲड करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो, इमोशनल करूया का कॉमेडी? मी बरीच वर्षं अशा स्क्रिप्ट लिहिल्यात आणि मला मनापासून वाटतं की इथेच घोळ सुरू होतो, कारण फॉर्म, म्हणजे ॲड कुठल्या प्रकारची करायची ते, आपल्याला काय आवडतं त्यावरून ठरवायचं नसतं. तुमच्या वस्तूकडे दाखवण्यासारखं काय आहे ते आधी बघा, आणि मग बघा की तीच फिल्म कुणी दहाव्यांदा बघत असेल तेव्हा तिच्यात काय शिल्लक राहतं. सिनेमाला माणूस स्वतः उठून जातो, ॲड मात्र न बोलवता येते, परत येते, अजून परत येते, आणि त्यातही सुरुवातीची ३० सेकंदांची फिल्म पुढे कापून २० किंवा १० सेकंदांची होते कारण स्लॉट महाग असतात. म्हणजे दहाव्यांदा बघणं आणि दहा सेकंदांचा कट, या दोन कसोट्या धरून मी खाली सगळे फॉर्म एकमेकांसमोर ठेवतोय.

सगळ्यात आधी डेमो आणि गोष्ट, कारण खरी ओढाताण याच दोघांत असते.

डेमो म्हणजे वस्तू काम करताना दाखवणं, बस. टीव्हीचं खरं बळ हेच आहे, पेपरमधल्या जाहिरातीला हे जमत नाही, रेडिओला तर नाहीच. डाग पडतो आणि जातो, पाणी ओततात आणि गळत नाही. दहा सेकंदांच्या कटमध्ये डेमो जवळजवळ तसाच्या तसा उरतो, आवाज बंद असला तरी कळतो, आणि दहाव्यांदा बघताना कंटाळा आला तरी मुद्दा डोक्यात पक्का होत जातो. अडचण एकच, सगळ्या वस्तूंना डेमो नसतो. विमा दाखवणार कसा? आणि नसलेला डेमो ओढूनताणून केला की तो खोटा होतो, आणि खोटा डेमो फार महागात पडतो. अमेरिकेत रॅपिड शेव्ह नावाच्या शेव्हिंग क्रीमच्या ॲडमध्ये सँडपेपरवर क्रीम लावून लगेच दाढी केल्यासारखा तो साफ होताना दाखवला होता, प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच, पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर वाळू लावलेली होती, आणि खरा सँडपेपर तसा साफ व्हायला तासाभराहून जास्त भिजवावा लागायचा. केस थेट तिथल्या सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६५ साली निकाल कंपनीच्या विरोधात लागला. व्होल्वोचंही १९९० मध्ये असंच झालं, भलामोठा मॉन्स्टर ट्रक गाड्यांच्या रांगेवरून जातो आणि फक्त व्होल्वो टिकते अशी ॲड होती, मग बाहेर आलं की त्यांची गाडी आतून मजबूत केली होती आणि बाकीच्या गाड्या कमकुवत केल्या होत्या. यातली वाईट गोष्ट अशी की व्होल्वो खरंच सुरक्षित गाड्यांसाठी ओळखली जायची, तिला हे करायची गरजही नव्हती.

गोष्ट, म्हणजे ज्याला एजन्सीत स्लाइस ऑफ लाइफ म्हणतात ते घरातलं, ऑफिसातलं छोटं नाट्य, ती माणसाला पटकन ओढून घेते. विमा, बँक, फोनचं नेटवर्क अशा हातात न येणाऱ्या गोष्टींसाठी मी तरी आधी हाच फॉर्म बघेन. पण कसोटीला ती लवकर थकते. पहिल्यांदा डोळ्यात पाणी येतं, चौथ्यांदा पुढे काय होणार ते माहीत असतं, आणि दहा सेकंदांच्या कटमध्ये तर नुसता शेवट उरतो. मी एकदा भिंतीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वडील आणि मुलीची फार सुंदर गोष्ट लिहिली होती, क्लायंट खूश, आम्ही सगळे खूश, पण छोटा कट केला तेव्हा मुलगी वडिलांना मिठी मारते एवढंच राहिलं आणि भिंत कुठेच नव्हती, ती ॲड बघून वस्तू कुठली ते कुणालाही सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून मी गोष्ट लिहिताना आधी हे तपासतो की वस्तू काढून टाकली तर गोष्ट अडते का. अडत नसेल तर ती दुसऱ्या कुणाचीही ॲड आहे.

दोन्ही एकत्र झालं तर सोनंच. फोक्सवॅगनची १९६४ ची बीटलची ॲड आठवा किंवा शोधून बघा, पहाटेच्या बर्फात एक माणूस गाडी काढून निघतो, कुठे चाललाय कळत नाही, शेवटी तो बर्फ हटवायच्या मोठ्या मशीनपाशी पोचतो, कारण तोच ती मशीन चालवतो, मग त्याच्याही आधी रस्त्यावरून कोण आलं? बीटल आली. यात डेमो हीच गोष्ट आहे, आणि गाडी काढली तर फिल्मच उरत नाही.

आता स्टार विरुद्ध साधा माणूस. सेलिब्रिटी घेतला की लोक मान वर करतात हे खरं, नवीन नावाला दार उघडायला त्याचा उपयोग होतो हेही खरं. पण स्टार लक्षात राहतो आणि वस्तू विसरली जाते ही जुनी तक्रार आहे, आणि तोच चेहरा आणखी चार ब्रँड्सच्या ॲडमध्ये असेल तर कोण कशासाठी बोलतोय ते दहाव्या वेळेला सगळं एकात एक मिसळतं. मला विचाराल तर स्टार तेव्हाच घ्या जेव्हा त्याच्या अंगात असं काही आहे जे वस्तूचा मुद्दा सिद्ध करतं. व्होल्वो ट्रक्सने २०१३ मध्ये ॲक्शन सिनेमांतला नट ज्याँ-क्लॉड व्हॅन डॅमला रिव्हर्समध्ये मागे जाणाऱ्या दोन ट्रक्सच्या आरशांवर पाय ठेवून स्प्लिट करायला लावलं, तिथे स्टार आहे, पण त्याचे पाय हळूहळू फाकत जातात ते ट्रकचं स्टिअरिंग इतकं स्थिर आहे म्हणूनच, दुसरा कुणी नट नुसता उभा राहून हसला असता तर काहीच झालं नसतं.

साध्या ग्राहकाचं टेस्टिमोनियल, म्हणजे त्याने स्वतः वस्तूबद्दल दिलेली ग्वाही, स्वस्तात होतं आणि विश्वास लवकर बसतो, पण अट एवढीच की माणूस खरा हवा आणि वाक्यं त्याची हवीत. पाठ करून घेतलेलं बोलणं कुणालाही लगेच कळतं, त्याचे डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला काहीतरी वाचत असतात. दोन्हीच्या मधला एक रस्ता आहे, कॅमेऱ्याकडे बघून बोलणारं ठरवलेलं पात्र. आपल्याकडे सर्फच्या ललिताजी याचं उत्तम उदाहरण, १९८० च्या दशकातल्या, स्वस्त पावडरसमोर महाग पावडर का घ्यायची हा तसा रुक्ष हिशोब होता, तो व्हॉइसओव्हरने सांगितला असता तर कुणी ऐकला नसता, पण भाव पारखून घेणारी एक ठाम बाई सांगते म्हटल्यावर ऐकला. किमतीबद्दल काही पटवायचं असेल तर मी अजूनही असं पात्र शोधेन.

जिंगल आणि विनोद या दोन्हींकडे लोक मजेसाठी वळतात, पण वागतात अगदी उलट. विनोद पहिल्यांदा सगळ्यात जोरात लागतो आणि मग उतरत जातो, कारण पंच माहीत झालेला असतो, म्हणून कॉमेडी करायची तर एक फिल्म पुरत नाही, मालिका लागते. जिंगल पहिल्यांदा साधी वाटते आणि दहाव्यांदा तोंडात बसलेली असते. शिवाय टीव्ही चालू असताना माणूस दुसऱ्या खोलीत असतो, मोबाईलमध्ये डोकं घालून असतो, तेव्हा डोळ्यांची कुठलीच करामत उपयोगी नाही, कानच उघडे असतात, आणि दहा सेकंदांत गाण्याची एक ओळ आरामात बसते. फक्त ब्रँडचं नाव चालीत गुंफलेलं हवं, शेवटी चिकटवलेलं नको. कोका-कोलाचं १९७१ चं टेकडीवर सगळ्यांनी मिळून म्हटलेलं गाणं इतकं गाजलं की ब्रँडचं नाव काढून त्याची वेगळी रेकॉर्ड निघाली आणि तीही हिट झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला ते परवडलं, नवीन नावाला गाणं लक्षात राहून नाव सुटलेलं परवडत नाही.

ॲनिमेशनबद्दल थोडक्यात. न दिसणारी गोष्ट, म्हणजे शरीराच्या आत, मशीनच्या आत, सर्व्हिसच्या आत काय होतं ते दाखवायला चांगलं, आणि पात्र जमलं तर त्याचं वय वाढत नाही की ते दुसऱ्या ब्रँडकडे जात नाही. व्होडाफोनच्या ॲडमधली २००९ ची ती पांढरी, मोठ्या डोक्याची पात्रं, झूझू, अनेकांना कार्टून वाटायचे, पण ते सूट घातलेले खरे कलाकार होते. त्यातलं शिकण्यासारखं म्हणजे फिल्म्स भरपूर होत्या आणि एका फिल्ममध्ये एकाच सर्व्हिसबद्दल सांगितलं जायचं, त्यामुळे रिपीटचा त्रास कमी व्हायचा.

राहिली थेट तुलना, आम्ही बरे आणि ते वाईट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७९ मध्ये खरी, दिशाभूल न करणारी तुलना ग्राहकाच्या फायद्याची आहे अशी भूमिका घेतली, युरोपियन युनियनने १९९७ मध्ये अटी घालून परवानगी दिली. ॲपलची, स्वतःचा कॉम्प्युटर मॅक आणि बाकीच्यांचा पीसी यांना दोन माणसं करून समोरासमोर उभी करणारी मालिका २००६ ते २००९ चालली, ६६ फिल्म्स झाल्या, विनोद होता आणि मालिकाही होती. पण बाजारात मॅक तेव्हा लहान होता. लहान माणूस मोठ्याकडे बोट दाखवतो तेव्हा लोक ऐकतात, मोठ्याने लहानाकडे बोट दाखवलं की लहानाची फुकट जाहिरात होते. तुम्ही बाजारात पुढे असाल तर या वाटेला जाऊच नका.

आणि हो, कुणीतरी ॲपलच्याच १९८४ च्या त्या हातोडावाल्या ॲडचं नाव काढेलच, मीटिंगमध्ये नेहमी निघतं. तिच्यात कॉम्प्युटर दिसतच नाही आणि तरी ती गाजली, पण ती सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या वेळी, देशभर एकदाच दाखवली गेली, पुढचं काम बातम्यांनी केलं. तुमची ॲड महिनाभर रोज लागणार आहे, त्यामुळे ते माप तुम्हाला लागू नाही.

आता ठरवायला बसलात की असं करा, एजन्सीकडून दोन वेगळ्या फॉर्ममधल्या स्क्रिप्ट मागवा, एक डेमोची आणि एक दुसरी कुठलीही, आणि दोन्हींचा दहा सेकंदांचा कट आधी लिहून घ्या, ३० सेकंदांचा नंतर. छोट्या कटमध्ये वस्तूचं नाव आणि काम दोन्ही ज्यात उरलंय ती स्क्रिप्ट शूटला न्या. दोन्हींत उरलं नसेल तर शूटची तारीख पुढे ढकला, सेटवर गेल्यावर ते सापडत नाही.