माती परीक्षण: अहवाल चांगला, पण पिशवीवर लक्ष ठेवा (3 स्टार)

आमचं रान भिलवडीला, कृष्णाकाठी. सांगलीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत दोन नमुने दिले. एक नदीलगतच्या मळीचा, दुसरा आत ओढ्याकडच्या खोलगट रानाचा. चार दिवस सांगून अकराव्या दिवशी अहवाल आला, आणि त्यात मळीचा सामू (pH, मातीचा आम्ल-विम्लपणा) 8.6, खोलगटाचा 7.5! बघताक्षणी म्हटलं, पिशव्यांची अदलाबदल झालीय.

पूर आला की नदी जड वाळू नि पोयटा काठालाच टाकते. बारीक चिकण तेवढी आत वाहत जाऊन साचते. म्हणून काठ उंच नि निचऱ्याचा, आतलं रान सखल नि चोपण, म्हणजे क्षार साचून सामू वाढलेलं. 2019 च्या महापुरानंतर मळीत वीतभर गाळ बसला होता, मुठीत दाबला तरी भुगा व्हायचा. आतल्या मातीची ओली वळी बोटाभोवती फिरवली तरी तुटत नाही. उन्हाळ्यात पांढरं मीठ फुटतं तेही तिथंच.

फोन केला तर आधी 'मशीन चुकत नाही' म्हणे. मशीन नाही हो, चिठ्ठी चुकली! पण तिथल्या मॅडमनी उरलेली माती काढून पुन्हा तपासली, चूक कबूल केली, जादा पैसे घेतले नाहीत. एक स्टार त्यांचाच. चोपण सुधारायला नुसतं जिप्सम टाकू नका, आधी निचऱ्याचे चर काढा, हेही त्यांनी नीट समजावलं.

नमुना देताना पिशवीच्या आत नि बाहेर, दोन्हीकडे गट नंबर लिहा. पेन्सिलनं, शाई ओलीनं पुसते.