मुखपृष्ठाचं रंगीत चित्र घ्यावं की आतलं शाईचं?

विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या चित्रकाराचं मूळ काम, म्हणजे छपाईसाठी त्यानं हातानं काढलेलं चित्र, विकत घ्यायचं ठरलं की हा प्रश्न पडतोच. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात बसून मी तरी शाईच्या बाजूनं आहे.

मुखपृष्ठाचं चित्र मोठं, रंगीत आणि बहुधा महाग. भिंतीवर लावलं की खोलीचं रूपच पालटतं. शीर्षकासाठी वर मोकळं सोडलेलं आकाश मूळ चित्रात पूर्ण दिसतं, ते मला फार आवडतं.

पण शाईच्या चित्रात हात दिसतो. अमेरिकन चित्रकार व्हर्जिल फिनले (१९१४–१९७१) यांचं काम बघा. बारीक ठिपक्यांनी उभी केलेली सावली, स्क्रॅचबोर्डचा काळा थर खरवडून काढलेल्या पांढऱ्या रेषा. त्या काळच्या मासिकांच्या खरबरीत कागदावर हे ठिपके एकमेकांत मिसळत. मूळ चित्रात ते सुटे, टोकदार राहतात. अशा मूळ कागदांवर पुष्कळदा कडेला छपाईची मापं पेन्सिलीनं लिहिलेली असतात, कुठे चूक झाकायला लावलेला पांढरा रंग असतो. बोटभर अंतरावरून ते पाहताना मी जेवण विसरतो.

आणि जपणूक! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, त्यात कूलरची ओली हवा. कागदाला लहरी येतात. पावसाळ्यात मातीच्या भिंतीची ओल फ्रेमला मागून धरते. शाईचा कागद आम्लमुक्त फोल्डरमध्ये घालून लोखंडी कपाटात आडवा ठेवता येतो. कपाट मात्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वाळवी तिथूनच येते.