नोकरी, धान आणि एव्हिएशनची मास्टर्स: देशातला ऑनलाइन एमबीए की अमेरिकेची एमएस?

विमानतळावर शिफ्टची नोकरी, घरी धानाच्या बांध्या, आणि आता एव्हिएशनमध्ये मास्टर्स करायचंय. गोंदिया-तिरोड्याकडची पोरं हल्ली मला हे वरचेवर विचारतात. मी देशातला ऑनलाइन एमबीए केला. माझा एक सहकारी अमेरिकेतल्या एम्ब्री-रिडल विद्यापीठाची ऑनलाइन एमएस करतोय. त्यामुळे दोन्ही जवळून पाहिलंय.

आधी एक स्पष्ट करतो. यातल्या कुठल्याच पदवीने लायसन्स मिळत नाही. विमानाच्या दुरुस्तीवर सही करायची तर डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) एएमई म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं लायसन्स लागतं, उडवायचं तर सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स आणि त्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण. मास्टर्स तुम्हाला ऑपरेशन्स, सेफ्टी, नियोजन या कामांत वर नेते.

आपल्याकडच्या माणसाने फी बघण्याआधी वेळापत्रक बघावं. देशातला एमबीए दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा. एका सेमिस्टरला पाच-सहा विषय, सगळ्यांचे पेपर एकदमच. जुलैत रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. अभ्यास नेमका तेव्हाच साचतो आणि मग परीक्षेआधी रात्री जागाव्या लागतात. एम्ब्री-रिडलची एमएस ३० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप), म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा कोर्स, आणि एक टर्म नऊ आठवड्यांची. हवं तर एका वेळी एकच कोर्स घेता येतो. माझ्या सहकाऱ्याने रोवणीची टर्म सरळ सोडली आणि पुढच्या टर्मला परत बसला. शेतकरी घरातल्या नोकरदाराला ही मोकळीक फार मोलाची आहे.

वेळेतल्या फरकाची भीती नको. एम्ब्री-रिडल फ्लोरिडातलं, आणि फ्लोरिडा आपल्यामागे साडेनऊ ते साडेदहा तास. तिथल्या मध्यरात्रीची मुदत आपल्याकडे सकाळी संपते, म्हणजे नाइट ड्यूटी करून आलेल्यालाही थोडा वेळ मिळतो.

पण खर्च डॉलरमध्ये, आणि तो देशी एमबीएच्या कित्येक पट. कंपनी भरत असेल किंवा परदेशी जायचं पक्कं असेल, तरच मी तिकडे जा म्हणेन. भारतातल्या सरकारी जागेसाठी ती पदवी वापरायची असेल, तर समकक्षतेचं, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची धरतात का, हे आधी विचारून घ्या, पैसे नंतर भरा. देशातल्या पदवीला ही अडचण नाही: विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) दूरशिक्षण मंडळाच्या यादीत असेल, तर ती नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. यादी स्वतः उघडून बघा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका.

फुरसतगंजचं राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ नावाजलेलं आहे, पण त्यासाठी उत्तर प्रदेशात जाऊन राहावं लागेल. नोकरी सोडायची नसेल तर तो विचार इथेच थांबतो.

ऑनलाइन पेपरला कॅमेरा सतत चालू लागतो. माझा एक पेपर गावातली लाइन गेली म्हणून अर्ध्यात तुटला, तो पुन्हा द्यावा लागला आणि सहा महिने गेले. तेव्हापासून मी पेपरच्या आदल्या दिवशीच गोंदियाला बहिणीकडे जायचो. तुम्हीही इन्व्हर्टर असलेली एखादी खोली आधीच हेरून ठेवा.

प्रोजेक्टला विषय मात्र दारातच आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. उडान या छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेत अशा मार्गावर विमान कंपनीला तीन वर्षं तुटीची भरपाई मिळते. त्यानंतर तो मार्ग स्वतःच्या प्रवाशांवर कसा तगेल, हे इथल्या माणसाइतकं जवळून कोण मोजू शकेल?

नोकरी इथलीच ठेवायची असेल तर माझं मत देशी एमबीएकडे. फक्त पहिलं सेमिस्टर जुलैऐवजी जानेवारीत सुरू करा, म्हणजे ऑनलाइन अभ्यासाची सवय रोवणीआधी लागलेली असेल.