आधी फुटेज बघा, मग मशीन घ्या: एडिटिंगच्या पीसीसोबत नऊ महिने

नऊ महिने झाले, हे मशीन रोज आठ-दहा तास चालतंय. दोन माहितीपट, मुलाखतींची एक मालिका आणि बरीच छोटी कामं त्यावर पार पडली, सगळी दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. घेताना ज्या गोष्टींसाठी जीव काढला होता त्यातल्या निम्म्या गौण निघाल्या आणि जिचा विचारही मनात आला नव्हता तिने पहिले दोन महिने मला रडवलं. एडिटिंगसाठी मशीन घ्यायच्या विचारात जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त डोकं मी प्रोसेसरवर खर्च केलं. किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, कुठल्या चाचणीत किती गुण. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड होतंच, मग अंगभूत कशाला हवं, असा हिशेब करून एफवालाच घेतला.

पहिलंच काम तीन कॅमेऱ्यांवर टिपलेल्या मुलाखतीचं होतं. ४के, सेकंदाला २५ फ्रेम, एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, म्हणजे कोडेक), १० बिट (रंगांच्या छटा किती बारीक त्याचं माप), ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवली त्याचं प्रमाण, ४:२:० मध्ये ती याहून कमी असते). टाइमलाइनवर तिन्ही अँगल लावले, एल (व्हिडिओ चालवायची कळ) दाबलं, तर आवाज पुढे निघून गेला आणि चित्र पहिल्या शब्दावरच थिजलं. बोलणाऱ्या बाईंचा हात हवेत आणि वाक्य संपलेलं! टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचे सगळे कोअर शंभर टक्क्यांना टेकलेले आणि ग्राफिक्स कार्डाचा ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख तळाशी सरळ रेघ. कार्ड त्या फुटेजला हातच लावत नव्हतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीचा कोडेक) किंवा एचईव्हीसीमध्ये कॅमेरा सहसा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चित्र ठेवतो आणि पुढच्या फ्रेमसाठी फक्त काय बदललं तेवढं लिहितो. फाइल लहान होते, पण मधल्याच एखाद्या फ्रेमवर उडी मारली की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथून सगळं पुन्हा उलगडावं लागतं. एडिटर तर दिवसभर उड्याच मारत असतो. हे उलगडण्याचं काम चिपमधला एक वेगळा, त्याच कामासाठी बनवलेला भाग करतो. तुमच्या कॅमेऱ्याचा नेमका प्रकार त्या भागाला कळत नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. ४:२:० बहुतेक कार्डांना जमतं. एचईव्हीसीतलं १० बिट ४:२:२ मात्र इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला जमतं, ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपना जमतं, आणि एनव्हिडियाच्या बाजूला थेट आरटीएक्स ५० मालिकेत ते आलं. २४ जीबी मेमरी असलेल्या आरटीएक्स ४०९० लाही ही सोय नाही. म्हणजे महागडं कार्ड घेतलं की प्रश्न मिटला, असं नाही.

दोन महिने प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून काम ढकललं. रात्री प्रॉक्सी लावायच्या, सकाळी कापायला बसायचं. प्रॉक्सी वाईट नसतात, मोठ्या कामात मी त्या अजूनही बनवते. पण दुपारी चारला फुटेज आलं आणि रात्रीपर्यंत पहिला कट द्यायचा असला की त्यांना वेळच उरत नाही. शेवटी त्याच मॉडेलचा, पण एफ नसलेला प्रोसेसर बसवला. कार्ड लावलेलं असलं की अंगभूत ग्राफिक्स बऱ्याचदा आपोआप बंद होतं, ते बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन चालू केलं आणि रिझॉल्व्हच्या डिकोडच्या पर्यायांत इंटेलवर खूण केली. तीच टाइमलाइन, तेच तीन अँगल, एल दाबलं आणि बाईंचा हात वाक्याबरोबर खाली आला. मला खरंच भरून आलं.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी हा दुसरा धडा. जुनं ८ जीबीचं कार्ड साध्या कटिंगला आणि रंगकामाला पुरत होतं. अंधारात टिपलेल्या एका प्रसंगावर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणारा इफेक्ट) लावलं, वर दोन-तीन इफेक्ट, आणि रेंडर निम्म्यावर येऊन ग्राफिक्सची मेमरी भरल्याचा संदेश. हे नॉइज रिडक्शन आजूबाजूच्या फ्रेमही एकाच वेळी मेमरीत धरून ठेवतं, ४केला ते जड जातं. पाचव्या महिन्यात १६ जीबीचं कार्ड घेतलं, त्यानंतर तो संदेश दिसलेला नाही. आज नव्याने घेत असाल आणि फुटेज ४:२:२ असेल, तर आरटीएक्स ५० मालिकेतलं १६ जीबीचं कार्ड एका दगडात दोन पक्षी मारेल.

डिस्कच्या वेगामागे मात्र लोक उगाच धावतात, मीही धावले होते. प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगसाठीच्या, कमी दाबलेल्या कोडेकचं ४के फुटेज २५ फ्रेमला सेकंदाला साधारण ७३७ मेगाबिट खातं, म्हणजे जेमतेम ९२ मेगाबाइट. सेकंदाला ५५० मेगाबाइट वाचणारी साधी साटा एसएसडीसुद्धा असे चार-पाच प्रवाह ओढते. सेकंदाला ३५०० आणि ७००० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कांमधला फरक मला एडिटिंग करताना एकदाही जाणवला नाही. जाणवली ती जागा. त्याच फुटेजचा एक तास म्हणजे सुमारे ३३२ जीबी.

आणि जाणवला तो डिस्कमधल्या मेमरीचा प्रकार. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली एक डिस्क क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) होती. कॅमेऱ्याच्या कार्डांवरचं चारशे जीबी फुटेज उतरवायला घेतलं, सुरुवातीला भन्नाट वेग, आणि मध्येच हार्ड डिस्कपेक्षाही हळू. अशा डिस्का आधी एका पेशीत एकच बिट भरून वेळ मारून नेतात. ती जागा संपली की चार-चार बिट लिहीत बसतात, आणि आधी लिहिलेलंही पुन्हा रचावं लागतं. जुनी कामं ठेवायला ती ठीक आहे. चालू फुटेज आणि कॅशसाठी (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलींसाठी) मी आता टीएलसीच (एका पेशीत तीन बिट) वापरते.

रॅम ६४ जीबी आहे, ३२ च्या दोन पट्ट्या. नुसत्या कटिंगला ३२ पुरली असती, फ्यूजनमध्ये (रिझॉल्व्हचा इफेक्ट बनवायचा भाग) ६४ लागते. डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये चार पट्ट्या लावल्या की वेग सहसा उतरतो, म्हणून पुढे वाढवू म्हणत चार छोट्या पट्ट्यांनी सुरुवात करू नका.

पंख्यांच्या आवाजाबद्दल कुणी बोलत नाही, पण मला तो फार महागात पडला. एका मुलाखतीत मागे बारीक घरघर होती. साफ केली, स्पीकरवर ऐकली, छान वाटली, पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला की घरघर तशीच आहे. माझ्या कॅबिनेटचे पंखे त्याच सुराच्या आसपास गुणगुणत होते आणि तिला झाकत होते. मोठे, सावकाश फिरणारे पंखे बसवले, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीकडे सरकवलं, आणि शेवटचं ऐकणं आता बाहेरचा आवाज अडवणाऱ्या (क्लोज्ड-बॅक) हेडफोनवरच.

हल्ली कुणी मशीन सुचवायला सांगितलं की मी आधी त्यांच्या कॅमेऱ्याची एक क्लिप मागते आणि मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. कोडेक, बिट डेप्थ (ते १० बिट) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (ते ४:२:२), या तीन ओळी वाचल्याशिवाय प्रोसेसरचं नाव काढत नाही. पुढच्या माहितीपटासाठी आमच्याकडे नवा कॅमेरा येतोय, त्याच्याही नमुना क्लिप आधीच मागवल्या. एचईव्हीसी ४:२:२ माझ्याकडे पाण्यासारखं चालतं. एच.२६४ मधलं १० बिट ४:२:२ मात्र पुन्हा प्रोसेसरवर येऊन आदळतं. छायाचित्रकाराला कळवलंय, चित्रीकरण एचईव्हीसीतच करायचं.