जुन्या फॅनक मशीनला मोक्सा एनपोर्ट ५११०: लाइट जाऊन आल्यावर काय बघायचं

मोक्सा कंपनीचा एनपोर्ट ५११० हा मशीनचा एक आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचा सिरीयल) पोर्ट नेटवर्कवर आणणारा छोटा डबा. फॅनक झिरो-आय कंट्रोलच्या (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) जुन्या व्हीएमसींवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) तो बरेच महिने वापरात आहे. ऑफिसच्या पीसीवरचं डीएनसी (मशीनशी प्रोग्रामची देवाणघेवाण करणारं) सॉफ्टवेअर त्याला साध्या कॉम पोर्टसारखं बघतं, ९६०० बॉडला (डेटाचा वेग) प्रोग्राम बिनबोभाट जातात-येतात. रोजच्या कामाबद्दल एवढं पुरे. लिहायचं आहे ते लाइटबद्दल. एमआयडीसीत लाइट जाऊन आली की "प्रोग्राम जात नाही" ही हाक हमखास येते, आणि अशा वेळी डबा बिघडलेला क्वचितच असतो. पीसी, स्विच, डबा आणि मशीन वेगवेगळ्या क्षणी बंद पडतात, वेगवेगळ्या क्षणी चालू होतात. घोळ तिथे असतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हे: डबा यूपीएसवर, पीसी मात्र थेट मेनवर. लाइट गेली, पीसी मेला, पण कनेक्शन बंद करतोय असं त्याने डब्याला कळवलंच नाही. डब्याच्या हिशेबी जुना पीसी अजून जोडलेलाच आहे. मॅक्स कनेक्शन (एका वेळी किती पीसी जोडू द्यायचे ती सेटिंग) मुळात १ असतं, त्यामुळे पीसी परत उठला की त्यालाच जागा मिळत नाही. टीसीपी अलाइव्ह चेक टाइम (पलीकडचा पीसी अजून आहे का हे डबा किती वेळाने तपासतो) मुळात ७ मिनिटं असतो, तोपर्यंत ही अडवणूक चालू शकते. लोक तेवढ्यात केबल उपटतात, ड्रायव्हर काढून परत टाकतात, आणि मधेच ७ मिनिटं होऊन गेल्यामुळे चालू झालं की श्रेय ड्रायव्हरला देतात. खात्री करायची तर ब्राउझरमधून डब्याच्या वेब कन्सोलवर जाऊन मॉनिटरमधलं लाइन पान उघडा. तिथे जोडलेल्या पीसीचा आयपी दिसतो. डीएनसी बंद असतानाही तिथे आयपी दिसला, तर जुनं कनेक्शन अडकलंय. त्या वेळेपुरता पोर्ट रीस्टार्ट करा. कायमसाठी अलाइव्ह चेक १ मिनिटावर आणा. ० टाकू नका, ० म्हणजे तपासणीच बंद.

मॅक्स कनेक्शन २ करून टाका, असा सल्ला बरेच जण देतात. तो अर्धवट आहे. इग्नोअर जॅम्ड आयपी (अडकलेल्या पीसीसाठी न थांबण्याची सेटिंग) बंद असेल तर एक मेलेलं कनेक्शन दुसऱ्याचाही डेटा रोखून धरतं, कारण डबा दोघांना डेटा पोचण्याची वाट बघतो. मग पीसीकडून मशीनला प्रोग्राम जातो, पण मशीनकडून पीसीला येत नाही, आणि माणूस केबलमधला एक धागा तुटलाय असं समजून सोल्डर उकलत बसतो. २ ठेवायचंच असेल तर इग्नोअर जॅम्ड आयपी चालू करा. एका मशीनला एकच पीसी असेल तर १ च बरं.

आता दिवे. रेडी हिरवा स्थिर म्हणजे ठीक. लाल स्थिर म्हणजे अजून बूट होतोय. लाल लुकलुकत असेल तर आयपी दुसऱ्या कुणाशी भांडतोय किंवा डीएचसीपीकडून (राउटरमधली आपोआप आयपी वाटणारी सोय) उत्तर आलेलं नाही. लाइट आल्यावर हे दुसरं फार होतं, कारण राउटर डब्यापेक्षा उशिरा उठतो. म्हणून डब्याला स्टॅटिक (कायमचा ठरलेला) आयपीच द्या, आणि तो राउटरच्या डीएचसीपी रेंजबाहेर ठेवा. पीसीलाही स्टॅटिकच द्या. डब्यात अ‍ॅक्सेसिबल आयपीची (कोणाला आत घ्यायचं त्याची) यादी भरलेली असेल आणि पीसीचा आयपी बदलला, तर डबा त्याला दारातही उभं करत नाही. मॅनेज्ड स्विच असेल तर स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये वेटोळं होत नाही ना हे तपासणारी सोय) पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद लागू शकतात. डीएनसी त्याआधी पोर्ट उघडायला गेलं की एरर देऊन बसतं. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याची सेटिंग) लावा, आणि विंडोज ड्रायव्हरमध्ये ऑटो नेटवर्क रीकनेक्शन चालू ठेवा.

पिंग होतंय (पीसीला डबा नेटवर्कवर सापडतोय), लाइन पान बरोबर आहे, तरी प्रोग्राम जात नाही? मग डब्याच्या नऊ पिनी पोर्टवर २ आणि ३ शॉर्ट करून हायपरटर्मिनलसारख्या सॉफ्टवेअरमधून अक्षरं टाइप करा, फ्लो कंट्रोल (थांब-चालू कर असे इशारे) बंद ठेवून. टाइप केलेलं परत दिसलं तर डब्यापर्यंत सगळं नीट आहे, दोष पुढे.

पुढे म्हणजे केबल आणि मशीन. मशीनकडच्या २५ पिनीचा २ डब्याच्या २ ला, ३ ला ३, ७ ला ५. मशीनच्या बाजूला ४-५ शॉर्ट, ६-८-२० शॉर्ट. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: फॅनकच्या २५ नंबर पिनवर +२४ व्होल्ट असतात, तेव्हा बाजारातली सगळ्या पिना जोडलेली तयार केबल लावू नका. ०८६ अलार्म आला तर मशीनला डीआर (समोरचं उपकरण तयार आहे असा) सिग्नल मिळत नाहीये. वरच्या जोडणीत तो सिग्नल कनेक्टरमधल्या शॉर्टमधूनच येतो, म्हणून नेटवर्क सोडा आणि आधी तिथलं सोल्डर बघा. ०८५ म्हणजे बॉड, पॅरिटी किंवा स्टॉप बिट जुळत नाहीत. इथे ७ बिट, इव्हन, २ स्टॉप. मशीनमध्ये पॅरामीटर १०३ ला (पॅरामीटर २० मध्ये १ असेल तर ११३ ला) ११ म्हणजे ९६००. ०८७ म्हणजे मशीनने थांब म्हटलं तरी डेटा येतच राहिला. डब्यात फ्लो कंट्रोलला एक्सऑन/एक्सऑफ लावलंय का बघा. उलटही होतं: मशीनने 'थांब' म्हणून डीसी३ पाठवला आणि तेवढ्यात लाइट गेली, तर यूपीएसवरची बाजू डीसी१ ची ('चालू कर') वाट बघत राहते. पोर्ट बंद करून उघडला की सुटतं.

कुठलाच अलार्म नाही आणि मशीन नुसतं वाट बघत बसलंय? मग पॅरामीटर २० (डेटा कुठून घ्यायचा ते ठरवणारा) बघा. नेटवर्क बंद होतं तेव्हा सेटरने मेमरी कार्डसाठी तिथे ४ टाकलेला असतो आणि परत ० किंवा १ करायचं राहून जातं. स्क्रीनवर बॅट (बॅटरी उतरल्याची खूण) लुकलुकत असेल तर कंट्रोल चालू ठेवूनच बॅटरी बदला, पुढची लाइट जायच्या आत. ड्रिप-फीड (प्रोग्राम थोडा थोडा पाठवत मशीन चालवणं) मधेच तुटला असेल तर त्याच ओळीवरून सुरू करू नका; होम घेऊन, आधीच्या टूल चेंजपासून चालवा.

पॉवरचं म्हणाल तर डबा १२ ते ४८ व्होल्ट डीसी घेतो. सोबतचा अडॅप्टर गेला की लोक मिळेल तो हलका अडॅप्टर लावतात, लाइट येतानाच्या झटक्यात तो आधी जातो. पीसी, स्विच आणि डबा एकाच यूपीएसवर घेणं सगळ्यात सरळ. मग जुन्या कनेक्शनची निम्मी डोकेदुखी उरतच नाही.

उणीव एकच, पण मोठी. ५११० च्या सिरीयल बाजूला आयसोलेशन (विजेची फारकत) नाही, १.५ केव्हीचं संरक्षण फक्त इथरनेटकडे आहे. म्हणून डबा मशीनजवळ ठेवा, सिरीयल केबल छोटी आणि लांब पल्ला इथरनेटचा. शॉपमध्ये जनरेटर असेल, चेंजओव्हर होत असेल आणि अर्थिंगची खात्री नसेल तर मशीनची बॉडी आणि डब्याला पॉवर देणाऱ्या सॉकेटचं अर्थ यांमधले एसी व्होल्ट मल्टिमीटरने मोजा, मेनवर एकदा आणि जनरेटरवर एकदा. आकडा दोन-चार व्होल्टच्या वर गेला तर आधी अर्थिंग करून घ्या, आणि डबा घ्यायचा तो सिरीयल आयसोलेशनवालाच घ्या, महाग पडला तरी.